मुरगाव बंदर : मालाच्या तीन दिशा

बंदराचा इतिहास लिहिणारा बहुधा समुद्राकडे तोंड करून बसतो. जहाजे, तोफा, आरमारे आणि व्हाइसरॉय यांच्या कथा त्याला सहज मिळतात. परंतु बंदर जगते ते त्याच्या पाठीमागच्या मुलखावर. कोणता माल, कोणत्या वाटेने, कोणाच्या सोयीसाठी धक्क्यावर आला, हे पाहिल्यावाचून बंदराची भरभराट किंवा पडझड उलगडत नाही. गोव्यातील मुरगाव बंदराकडे आम्ही या लेखात अशा पाठीमागच्या बाजूने पाहणार आहोत. गोवा आणि बेळगाव या दोन्ही भागांतील आपल्या वाचकांशी या बंदराचा संबंध चार-पाच पिढ्यांचा आहे. ते त्या संबंधाकडे क्वचितच एका दृष्टीत पाहतात, म्हणून हा प्रपंच.

मुरगावचे भूशिर जुवारी नदीच्या मुखाशी दक्षिण बाजूने समुद्रात शिरलेले आहे. त्याच्या उत्तरेकडील पाणी नैर्ऋत्येच्या वाऱ्यापासून बरेचसे सुरक्षित राहते. मांडवीच्या मुखाशी पावसाळ्यात वाळूचा दांडा आणि लाटा यांमुळे वाहतूक थांबते. मुरगावचे पाणी मात्र बारमाही उपयोगी पडते. हे पोर्तुगिजांच्या लवकरच ध्यानी आले होते. १६२४मध्ये त्यांनी येथे किल्ल्याचे काम आरंभिले. १६८३मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या स्वारीने गोव्याची राजधानी हादरली, तेव्हा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने राजधानीच मुरगावला हलविण्याचा घाट घातला. इमारती उठू लागल्या, पैसा खर्च झाला, परंतु राजधानी काही तेथे स्थिर झाली नाही. पुढे १८४३मध्ये तो मान अधिकृतपणे पणजीला मिळाला. खोल पाणी होते, किल्ला होता, राजाज्ञाही होती. तरी बंदर उभे राहिले नाही. कारण मालाची वाट नव्हती. सह्याद्रीच्या पलीकडचा कापूस आणि धान्य बैलांच्या पाठीवरून घाट उतरत होते, आणि त्या तुटपुंज्या वाहतुकीला कारवार, वेंगुर्ले ही बंदरे पुरेशी होती.

वाट निर्माण झाली ती एका कराराने. १८७८मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत बारा वर्षांच्या मुदतीचा व्यापारी करार झाला. त्यान्वये ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांमधील जकातीची भिंत दूर झाली, आणि मुरगाव बंदर व तेथून घाटमाथ्यापर्यंत लोहमार्ग बांधण्याचे ठरले. १८८१मध्ये लंडनमध्ये 'वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे' ही कंपनी स्थापन झाली. नावातील 'गॅरंटीड' हा शब्द महत्त्वाचा आहे. भांडवल इंग्रजी, आणि त्यावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची, असा तो व्यवहार होता. मुरगाव ते कॅसलरॉक हा सुमारे ८२ किलोमीटरचा मीटरगेज मार्ग कुळे, दूधसागर करीत, बोगद्यांतून आणि दऱ्यांच्या कडेने वर चढला. कॅसलरॉकला तो सदर्न मराठा रेल्वेला जाऊन मिळाला. १८८८च्या आरंभी समुद्रापासून लोंढा, बेळगाव, धारवाड, हुबळीपर्यंतची वाट अखंड झाली, आणि मुरगावच्या धक्क्याला आगगाडी लागली.

या कराराची दुसरी बाजू गोव्यातील सामान्य माणसाने सोसली. मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले. त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळत. पण मिठागरांवर पोट असणाऱ्यांचा धंदा आवळला गेला. पुष्कळांनी गाव सोडून मुंबईची वाट धरली. बंदर आणि रेल्वे ज्या कागदावर उभी राहिली, त्याच कागदाने एक जुना व्यवसाय मोडला, ही गोष्ट बंदराच्या जमाखर्चात कोठेही दिसत नाही.

मालाची पहिली दिशा ही अशी होती : घाटमाथ्यावरून खाली समुद्राकडे. दक्षिण महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कापूस व धान्य, तसेच पुढे विसाव्या शतकात संडूरच्या डोंगरांतील मँगनीज या वाटेने मुरगावला उतरू लागले. परंतु अपेक्षिलेली भरभराट झाली नाही. त्याची दोन कारणे स्पष्ट दिसतात. पहिले कारण सीमेचे. १८९२मध्ये कराराची मुदत संपली, तो पुन्हा झाला नाही, आणि जकातीची ठाणी परत आली. म्हणजे अखंड रेल्वे आणि खुली सीमा या दोहोंचा लाभ मुरगावला मिळाला तो जेमतेम चार वर्षे. दुसरे कारण स्पर्धेचे. १८९०च्या सुमारास सदर्न मराठा रेल्वेची वाट बेळगाव, मिरजेवरून पुण्याला पोहोचली, आणि घाटावरच्या व्यापाऱ्याला मुंबईची मोठी बाजारपेठ खुली झाली. मुरगाव जवळ होते. पण पेढ्या, दलाल आणि जहाजांची वर्दळ मुंबईला होती. व्यापारी केवळ अंतर मोजत नाही. हमी दिलेल्या व्याजाचा भार मात्र पोर्तुगीज तिजोरीवर वर्षानुवर्षे पडत राहिला. १९०२पासून हा मार्ग चालविण्याचे कामही सदर्न मराठा रेल्वेकडेच गेले.

तरीही बंदराभोवती एक शहर उभे राहिले. रेल्वेचे नोकर, गोदीतले हमाल, वाणी, सराफ, कारकून असे नाना लोक वास्कोत वसले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे साथीचा रोग पसरला, तेव्हा रहिवाशांनी जांबावलीच्या श्री दामोदराला साकडे घालून तेथून श्रीफळ आणले आणि अखंड भजन मांडले, अशी परंपरा सांगतात. तोच वास्कोचा श्रावणातील दामोदर सप्ताह. निरनिराळ्या व्यावसायिक समाजांचे पार त्यात निघतात आणि संतांचे अभंग गायिले जातात. बंदराने आणलेल्या अनोळखी माणसांचा एक गाव कसा झाला, हे या सप्ताहाइतके दुसऱ्या कशातून क्वचितच कळावे.

सीमेने बंदराचे भाग्य फिरविले तसे कधी त्याला वेगळेच महत्त्वही दिले. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला, म्हणून जर्मनीची तीन आणि इटलीचे एक व्यापारी जहाज मुरगावात आश्रयाला येऊन राहिले. ९ मार्च १९४३च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या इंग्रज स्वयंसैनिकांनी 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावर छापा घातला. जहाजे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून खलाशांनी ती स्वतःच बुडविली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिका आणि जपान यांनी एकमेकांच्या अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल येथेच केली. घाटमाथ्यावर ब्रिटिश राज्य होते, खाली तटस्थ भूमी होती. मधल्या एका रेषेने हे सारे घडवून आणले.

युद्धानंतर मालाची दुसरी दिशा सुरू झाली. गोव्याच्या पोटात लोहखनिज आहे हे विसाव्या शतकाच्या आरंभापासून माहीत होते. पण त्याला गिऱ्हाईक मिळाले ते युद्धोत्तर जपानच्या पोलाद कारखान्यांच्या रूपाने. हा माल घाट उतरून येत नव्हता. डिचोली, साखळी, सांगे या भागांतील खाणींतून तो नदीकाठच्या धक्क्यांवर येई आणि तेथून बार्जमधून मांडवी व जुवारी या नद्यांनी मुरगावला पोहोचे. पावसाळ्यात मांडवीचे मुख बंद झाले, की कुंभारजुव्याच्या कालव्याने बार्ज जुवारीत उतरत. घाटावरूनही काही खनिज रेल्वेने येत राहिले. परंतु बंदराचा मुख्य आधार आता गोव्याच्याच नद्या होत्या.

म्हणूनच एक विलक्षण विसंगती घडली. १९५५मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी कडक केली आणि कॅसलरॉकची रेल्वे बंद पडली. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे मुरगाव अशा घावाने मरून गेले असते. परंतु आता खनिज जहाजांत भरून जात होते, आणि परतीच्या बाजूने हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ, सिलोनचा चहा गोव्याच्या बाजारात येत होता. हाकेच्या अंतरावरील बेळगावची भाजी मिळेना आणि बटाटा युरोपातून यावा, असे ते दिवस होते. सीमेच्या दोन्ही अंगांना आप्त असलेल्या कुटुंबांनी त्या काळात जे वियोग सोसले, ते आपल्यापैकी अनेक घरांच्या स्मरणात आहेत. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय नौदलाच्या 'बेतवा' आणि 'बियास' या नौकांनी मुरगावच्या पाण्यात 'आफोंसो द आल्बुकेर्क' या पोर्तुगीज युद्धनौकेला निकामी केले. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला, आणि घाटावरील ती सीमाही संपली.

मुक्तीनंतर १९६३मध्ये मुरगावला देशातील प्रमुख बंदराचा दर्जा मिळाला, आणि पुढील वर्षी बंदर न्यास स्थापन झाला. १९७९मध्ये नऊ क्रमांकाच्या धक्क्यावर खनिज हाताळणीचा यांत्रिक प्रकल्प सुरू झाला. बार्जमधील खनिज यंत्राच्या पंज्याने उचलायचे, सरकत्या पट्ट्यांवरून ढिगांत रचायचे, आणि मोठे जहाज लागताच त्याच पट्ट्यांनी त्याच्या पोटात ओतायचे, अशी ती व्यवस्था. त्याशिवाय नदीच्या मुखात उभ्या जहाजांतही बार्जमधून थेट माल भरला जाई. २००० नंतर चीनने हलक्या प्रतीचे खनिजही घेण्यास आरंभ केला, आणि निर्यात फुगत गेली. २०१०-११मध्ये बंदराने सुमारे पाच कोटी टन माल हाताळला. त्यातील बहुतांश लोहखनिजच होते.

मग एका वर्षात चित्र पालटले. बेकायदा उत्खननाच्या चौकशीनंतर सप्टेंबर २०१२मध्ये राज्य सरकारने खाणी थांबविल्या, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१३-१४मध्ये बंदराचा एकूण माल सुमारे एक कोटी सतरा लाख टनांवर आला. २०१४मध्ये न्यायालयाने वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घालून मार्ग मोकळा केला. फेब्रुवारी २०१८मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले, आणि मार्चपासून उत्खनन पुन्हा बंद पडले. २०२२च्या अखेरीस नव्याने लिलाव सुरू झाले. नियम मोडले होते, नद्या आणि शेते गाळाने भरली होती. तेव्हा न्यायालयाचा निर्णय अकारण नव्हता. परंतु कर्ज काढून ट्रक किंवा बार्ज घेणारा साधा गृहस्थ नफ्याच्या काळात शेवटी आला होता आणि तोट्याच्या काळात पहिला बुडाला, हेही तितकेच खरे.

खनिज आटले तेव्हा बंदराकडे तिसरा माल तयार होता. २००४पासून पाच-अ आणि सहा-अ या धक्क्यांवर, आणि २०१४पासून सात क्रमांकाच्या धक्क्यावर, खाजगी कंपन्यांनी चालविलेल्या कोळशाच्या हाताळणीला आरंभ झाला होता. ऑस्ट्रेलियादी देशांतून आलेला कोळसा येथे उतरतो आणि बल्लारी जिल्ह्यातील तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे जातो. पोलादाची काही गुंडाळी परत या वाटेने निर्यातीसाठी खाली येतात. परंतु मुख्य ओझे आता समुद्राकडून घाटमाथ्याकडे, म्हणजे चढावर जाते. १८८८मध्ये जो मार्ग घाटावरचा माल खाली आणण्यासाठी खोदला, तोच, रुंदमापी होऊन, परदेशी कोळसा वर चढवितो आहे.

या उलट्या दिशेचा अर्थ वास्कोचे रहिवासी रोज अनुभवतात. शहर धक्क्यांना खेटून वाढले आहे. पाण्याचे फवारे आणि आच्छादने असूनही घरात काळी धूळ बसते, ही त्यांची तक्रार जुनी आहे. खारीवाड्याच्या मच्छीमारांना बंदराच्या विस्तारात आपला किनारा जाण्याची धास्ती वाटते. २०१७मध्ये विस्ताराच्या प्रस्तावांवर वास्कोत जनसुनावण्या झाल्या, तेव्हा लोक मोठ्या संख्येने बोलले. लोहमार्ग दुपदरी करण्याविरुद्ध नोव्हेंबर २०२०मध्ये चांदर येथे लोक रात्रभर रुळांवर जमले. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घाटातील कुळे ते कॅसलरॉक या अरण्यातून जाणाऱ्या दुपदरीकरणाची मंजुरी रद्द केली. विस्ताराच्या बाजूने सांगण्यासारखे नाही असे नाही. पोलाद देशाला हवे, आणि बंदरालाही उत्पन्न हवे. परंतु ज्याच्या दारातून माल जातो, त्याला त्या मालाविषयी बोलण्याचा अधिकार आहे, हे मान्य व्हावयास सव्वाशे वर्षे लागली.

तिन्ही कालखंड शेजारी ठेवले की एक गोष्ट ठळक होते. मुरगाव दर वेळी एकाच मालावर आणि दूरच्या एकाच निर्णयावर उभे राहिले : आधी लंडन-लिस्बनच्या करारावर, मग जपान-चीनच्या भट्ट्यांवर, आता घाटावरच्या पोलादावर. करार संपला, मागणी फिरली किंवा न्यायालयाने हात धरला, की बंदर रिकामे झाले. आणि माल गेल्यावर मागे उरली ती मिठागरांवरची, बार्जवरची, वास्कोच्या गल्ल्यांतली माणसे. बंदराची समृद्धी टनांत मोजण्याची आपली सवय या माणसांना हिशेबाबाहेर ठेवते.

आपल्या वाचकांपैकी काहींची घरे या लोहमार्गाच्या खालच्या टोकाशी आहेत, तर काहींची लोंढा, खानापूर, बेळगावच्या बाजूस. दुपदरीकरण, नवा धक्का, नवा माल यांविषयी जे प्रस्ताव पुढे येतील, त्यांच्याकडे हा खालच्यांचा प्रश्न किंवा वरच्यांचा लाभ अशा नजरेने पाहणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्या सीमेने आपल्याला एकदा दोन बाजूंना वाटले होते. ती सीमा जाऊन साठांहून अधिक वर्षे झाली. आता निदान या बंदराचा विचार तरी दोन्ही टोकांनी मिळून करावयास हवा.