नोंदवही आणि माणूस

तुरुंगातून सुटलेला माणूस पुन्हा गुन्ह्याकडे का वळतो, हा प्रश्न आजचा नव्हे. नंदुरबारच्या भूमीला तो दोनशे वर्षे परिचित आहे.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या अंमलाखाली आला, तेव्हा डोंगरांतील भिल्लांच्या टोळ्या गावे लुटीत होत्या. त्यांच्यापैकी अनेकजण पूर्वी गावांचे व घाटांचे राखणदार. राखणीचे हक्क बुडाले आणि राखणदारच लुटारू झाला. सरकारने प्रथम फौज धाडली, नाईकांना धरले, शिक्षा दिल्या. एक टोळी मोडे, तो दुसरी उभी राही. अखेर १८२५ साली गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी निर्माण झाल्या. वायव्येकडील एजन्सीत नंदुरबार, सुलतानपूर, पिंपळनेर व डांग हे मुलूख होते. पडीक जमीन, शेतीसाठी तगाई, ठरलेले हक्क वेळेवर, ही तिची साधने. धरणगावी जेम्स औट्रम यांनी भिल्लांचीच पलटण उभारली. राज्यकर्त्यांना मुलूख शांत हवा होता, हे खरे. परंतु परतण्याचे कारण भाकरीत शोधावे, रक्तात नव्हे, एवढे त्यांनी ओळखले होते.

हे शहाणपण टिकले नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली देशभर लागू झाला आणि जन्म हाच अपराध ठरला. तो १९५२ साली रद्द झाला, तरी ‘सराईत गुन्हेगार’ हा शब्द नव्या कायद्यांत उरला. जातीवरून कैद्यांत भेद करणारे तुरुंगनियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, ते २०२४ साली.

आता मोजणीचे पाहू. अमेरिकेतील पंधरा राज्यांतून १९९४ साली सुटलेल्या कैद्यांचा तीन वर्षे मागोवा घेण्यात आला. ६७.५ टक्के पुन्हा पकडले गेले. पुन्हा दोषी ठरले ४६.९ टक्के, नव्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेले २५.४ टक्के. माणसे तीच, काळ तोच. प्रमाण मात्र तीन! आपल्याकडील राष्ट्रीय अहवाल शिक्षा झालेल्या कैद्यांत सराईत किती, हे सांगतो. सुटलेल्यांपैकी किती परतले, हा प्रश्न निराळा आहे. त्यासाठी सुटलेल्या प्रत्येकाचा वर्षानुवर्षे माग ठेवावा लागतो. नंदुरबारचा मजूर ऊसतोडीस गुजरातेत जातो. त्याचा माग कोण ठेवणार? उलट ज्याच्या वस्तीवर पोलिसांची नजर कायम, तो लवकर पकडला जातो आणि आकडा फुगतो. म्हणजे आकडा माणसाच्या वर्तनाबरोबर पाहणाऱ्याची नजरही मोजतो.

म्हणून ‘किती परतले?’ असे विचारताना आम्ही आणखी एक रकाना मागतो. सुटलेल्या माणसाला जमीन, मजुरी वा घराचे दार, यांपैकी काय मिळाले? १८२५ साली परक्या सरकारला जो प्रश्न सुचला, तो आपल्या नोंदवहीत कोरा राहू नये.