कंबरेचा घेर आणि कामाचा इतिहास

लठ्ठपणा हा सुखवस्तूंचा विकार, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. चरकसंहितेत अतिस्थूल मनुष्याची गणना आठ निंद्य पुरुषांत केली असून, अतिभोजन, गोड व स्निग्ध आहार, व्यायामाचा अभाव आणि दिवसा झोप ही स्थूलतेची कारणे म्हणून सांगितली आहेत. निदान चोख आहे. पण असे जगणे त्या काळी परवडत होते कोणाला? ज्याची कोठारे भरलेली आणि ज्याचे काम करायला दुसरे हात हजर, त्यालाच. म्हणून सुटलेले पोट ही श्रीमंतीची खूण ठरली. आज तीच खूण पहारेकऱ्याच्या खुर्चीवर, रिक्षावाल्याच्या बैठकीवर आणि शिलाईच्या यंत्रासमोरही दिसते. हे कसे घडले ते समजून घ्यायचे, तर वैद्यकाबरोबर कामाचा इतिहासही चाळला पाहिजे.

या इतिहासातले एक महत्त्वाचे पान लंडनच्या बसगाड्यांत लिहिले गेले. डॉ. जेरेमी मॉरिस यांनी 1949-50 मध्ये तेथील वाहतूक कामगारांच्या हृदयविकाराची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष 1953 साली प्रसिद्ध झाले. गाडी एक, रस्ता एक, मालक एक. पण ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर दुमजली बसच्या पाचशेहून अधिक पायऱ्या रोज चढणारा. कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला, आणि ज्यांना झाला त्यांना तो सौम्य झाला. पुढे 1956 मध्ये याच संशोधकांनी गणवेशांच्या मापांच्या नोंदी तपासल्या. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली! मात्र तरुण ड्रायव्हरांतही हा फरक दिसत होता. म्हणजे सारा दोष बैठकीच्याच माथी मारता येत नाही.

दुसरे पान आपल्याच देशातले आहे. त्याच 1956 साली आहारशास्त्रज्ञ ज्याँ मेयर आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील 213 माणसांचा आहार, वजन आणि काम यांचा ताळा मांडला. त्यांत अंगमेहनत करणारे होते, कारकून होते आणि दिवसभर दुकानात बसणारेही होते. अंगमेहनत करणारा जितके अधिक राबे तितके अधिक खाई, आणि त्याचे वजन जागच्या जागी राही. परंतु अगदी बैठे काम करणाऱ्यांची भूक कामाबरोबर कमी झाली नव्हती. ते कष्टकऱ्यांइतके खात आणि वजनाने त्यांच्यापेक्षा भारी भरत. काम एका मर्यादेखाली गेले की भुकेचा काटा बिघडतो, हा या पाहणीचा धडा आहे.

या धड्याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. यंत्राने माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरवले, हे चांगलेच झाले. ते ओझे परत मागणारा कोणी कामगार आम्हांला भेटलेला नाही. पण ओझ्याबरोबर भूक उतरली नाही, आणि त्याच सुमारास साखर, तेल व मैदा स्वस्त आणि सर्वत्र सुलभ झाला. डाळ, भाजी आणि फळे मात्र तितकी स्वस्त झाली नाहीत. दोन रुपयांत पोट भरायचे असेल तेव्हा माणूस काय विकत घेणार, हे सांगायला पंडित लागत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 24 टक्के वजनाने जास्त किंवा लठ्ठ आढळल्या, आणि त्याच पाहणीत जवळजवळ 19 टक्के कृश. एकाच देशात, कधी एकाच घरात, ही दोन्ही टोके नांदत आहेत. तेव्हा लठ्ठ माणसाला अधाशी म्हणून हिणवणे हे अज्ञान तर आहेच, अन्यायही आहे.

मग करायचे काय? प्रथम घरचा हिशेब पाहू. एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम साखर धरली, तर सहा कप चहातून 60 ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा 2000 उष्मांकांच्या आहाराला सुमारे 50 ग्रॅमची आहे. चहाची सुटी कामगारांनी झगडून मिळवलेली आहे, ती सोडू नये; साखर निम्मी करावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये तेवढ्याच उष्मांकांसाठी जे दैनिक ताट सुचवले, त्यात धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम व फळे 100 ग्रॅम आहेत. भाकरी, उसळ, पालेभाजी आणि ताक हे आपले जुने जेवण या ताटापासून फार दूर नाही. फक्त बसून काम करणाऱ्याने दोन भाकऱ्यांची एक करावी आणि उसळीची वाटी मोठी घ्यावी.

पण घरचा हिशेब पुरेसा नाही. ज्याची एक शिदोरी कामावरच सुटते, त्याचे अर्धे आरोग्य तेथेच ठरते. 1948 च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद केली आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगारांच्या प्रतिनिधित्वाचीही. आमचा अनुभव असा की, अशा समित्यांत वाद होतात ते वड्याच्या दरावरून. वड्याच्या जागी उसळ का नाही, हा प्रश्न क्वचितच निघतो. तो आता निघाला पाहिजे. स्वस्त डाळ-भाजी, पिण्याचे स्वच्छ पाणी, जेवायला पुरेसा वेळ आणि बैठ्या कामात मध्ये मध्ये उठून चार पावले चालण्याची मुभा, या मागण्या पगारवाढीइतक्याच मानाच्या आहेत. आठ तासांचा दिवस मिळवणाऱ्या माणसांना त्या अवघड वाटू नयेत.