मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट
सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात महापालिकेचे सभासद डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. भयाने लाखो रहिवाशांनी शहर सोडले. साथीचे मूळ दाट, कोंदट वस्तीत असल्याच्या समजुतीतून शहराच्या पुनर्रचनेसाठी १८९८ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले. दादर-माटुंग्यास नव्या वसाहती आखल्या. मात्र पाडलेल्या घरांच्या मानाने गरिबांसाठी बांधलेल्या चाळी प्रारंभी अपुऱ्या पडल्या. बेघर झालेली कुटुंबे शेजारच्या वस्त्यांत शिरली आणि जी दाटी मोडावयाची होती, तीच तेथे वाढली. १९३३ मध्ये ट्रस्टचे कार्य महापालिकेकडे आले.