प्रणयकादंबरीतील सोशीक नायिका, हुकमी नायक आणि वाचक स्त्रियांची साक्ष

इंग्रजी प्रणयकादंबरीच्या विसाव्या शतकातील इतिहासात एक आक्षेप वारंवार भेटतो. या कादंबरीची नायिका निष्क्रिय असते, नायक वर्चस्व गाजविणारा असतो आणि ज्या अर्थी असंख्य स्त्रिया या कादंबऱ्या आवडीने वाचतात त्या अर्थी हे नाते त्यांना मान्य असले पाहिजे, असा तो युक्तिवाद आहे. यातील पहिली दोन विधाने पुस्तके वाचून तपासता येतात. तिसरे विधान मात्र वाचकांविषयीचे असून ते तपासण्यासाठी वाचकांकडेच जावे लागते. दीर्घकाळ अभ्यासक तिकडे फारसे वळले नाहीत. प्रस्तुत निबंधात वाचक स्त्रियांच्या मतांची एक महत्त्वाची नोंद घेऊन ऐतिहासिक साधन म्हणून तिचे मोल काय, याचा विचार करावयाचा आहे.

आक्षेप निराधार नव्हता. ई. एम. हल यांच्या १९१९ मधील ‘द शेख’ या कादंबरीत वाळवंटातील सरदार नायिकेला पळवून नेतो, तिच्यावर बळजबरी करतो आणि अखेरीस ती त्याच्यावरच प्रेम करू लागते. १९२१ मध्ये या कथेवर निघालेला मूकपटही गाजला. पुढे १९०८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली मिल्स अँड बून आणि १९४९ मध्ये कॅनडात सुरू झालेली हार्लेक्विन या दोन संस्थांनी प्रणयकादंबरीला नियमित मालिकेचे रूप दिले. १९७१ मध्ये हार्लेक्विनने मिल्स अँड बून विकत घेतली. यानंतर अ‍ॅन स्निटो यांनी १९७९ मध्ये आणि तानिया मॉडलेस्की यांनी १९८२ मध्ये या साहित्याची स्त्रीवादी चिकित्सा केली. मॉडलेस्कींची चिकित्सा सहानुभूतिशून्य नव्हती. उद्दाम नायकाला अखेर नमविण्यात सूडाचे समाधान असते, हे त्यांनी ओळखले होते. परंतु हे समाधान त्यांनी संहितेतून शोधले होते, वाचकांच्या तोंडून ऐकले नव्हते.

ही उणीव जॅनिस रॅडवे यांच्या ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या ग्रंथाने बऱ्याच अंशी भरून काढली. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका गावाला त्यांनी ‘स्मिथटन’ हे कल्पित नाव दिले. तेथील पुस्तकांच्या दुकानात काम करणारी ‘डॉट’ (हेही टोपणनावच) ग्राहकांना कोणती प्रणयकादंबरी घ्यावी आणि कोणती टाळावी याचा सल्ला देत असे. तिच्या ग्राहकांपैकी ४२ स्त्रियांकडून प्रश्नावल्या भरून घेण्यात आल्या आणि १६ जणींशी सविस्तर बोलणे झाले. बहुतेक जणी विवाहित होत्या, मुलाबाळांच्या आया होत्या.

त्यांची उत्तरे रूढ समजुतीशी जुळत नाहीत. नायिकेच्या अंगी कोणते गुण असावेत, या प्रश्नावर त्यांनी बुद्धिमत्ता, विनोदबुद्धी आणि स्वतंत्र बाणा यांना अग्रक्रम दिला. नायकाकडूनही केवळ सामर्थ्याची अपेक्षा नव्हती. त्याच्या बुद्धिमत्तेबरोबर त्याचा हळवेपणा त्यांना मोलाचा वाटत होता. कादंबरीत काय मुळीच असू नये, असे विचारता बलात्कार आणि दुःखान्त यांचा उल्लेख ठळकपणे झाला. शेवट दुःखान्त नाही ना, याची खात्री करून घेण्यासाठी काही जणी अखेरची पाने आधी चाळून पाहत. ज्यांना आपण भाबडे वाचक म्हणतो, त्यांची ही सावधगिरी लक्षात घेण्याजोगी आहे.

खरी अडचण येथूनच सुरू होते. कॅथलीन वुडीविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ (१९७२) ही कादंबरी याच वाचकांच्या अत्यंत आवडीची होती. तिच्या आरंभीच नायक नायिकेला वेश्या समजून तिच्यावर बलात्कार करतो. मग बलात्कार नको म्हणणाऱ्या स्त्रियांना ही कादंबरी कशी चालली? रॅडवे यांच्या विवेचनानुसार या वाचक हेतूकडे पाहत होत्या. गैरसमजातून किंवा अनावर आकर्षणातून घडलेले कृत्य त्या क्षम्य मानीत आणि निव्वळ क्रौर्यातून घडलेले नाकारीत. उत्तरार्धात नायक कोमल झाला की त्याच्या आधीच्या वागण्याचा अर्थही नव्याने लावला जाई. नायिकेबाबतही असेच घडे. निवेदनाने तिला तेजस्वी म्हटले की ती तेजस्वी ठरे, मग कथानकात तिला निर्णय घेण्याची संधी कितीही थोडी मिळो. म्हणजे निष्क्रिय नायिका आवडते, असे कोणीच म्हणत नव्हते. आवडलेल्या नायिकेची निष्क्रियता मात्र दिसत नव्हती.

या साक्षीला मर्यादा आहेत. उत्तर देणाऱ्या सगळ्या डॉटच्या ग्राहक असल्याने त्यांच्या अभिरुचीवर तिच्या शिफारशींचा ठसा असणारच. प्रश्नावलीतील पर्याय आधी ठरलेले होते. शिवाय या वाचनाबद्दल घरात पतीची नाराजी ओढवे. स्वतःसाठी काढलेला तेवढा एकच वेळ ज्या स्त्रीला सतत समर्थनीय ठरवावा लागतो, ती आपली नायिका दुबळी आहे असे परक्या प्राध्यापिकेसमोर सहसा कबूल करणार नाही. तरीही ही साक्ष फेटाळता येत नाही, कारण न्यायालयातील जबानी किंवा खासगी पत्र वाचताना इतिहासकार हीच सावधगिरी बाळगतो आणि साधन वापरतोच. १९९१ च्या आवृत्तीतील नव्या प्रस्तावनेत रॅडवे यांनी स्त्रीवादी अभ्यासक आणि प्रणयकादंबरीच्या वाचक यांच्यात आपण ओढलेली रेषा फार ताठर होती, हे मान्य केले. हा प्रांजळपणा मला ग्रंथाइतकाच मोलाचा वाटतो.

पुढच्याच वर्षी लेखिकांनीही आपली बाजू मांडली. जेन अ‍ॅन क्रेंट्झ यांनी संपादित केलेल्या ‘डेंजरस मेन अँड अ‍ॅडव्हेंचरस विमेन’ (१९९२) या संग्रहात लॉरा किन्सेल यांचे प्रतिपादन सर्वांत धीट आहे. वाचक स्त्री नायिकेत स्वतःला पाहते, हे गृहीतच त्यांनी नाकारले. नायिका ही वाचकासाठी राखून ठेवलेली जागा असते, वाचकाचे तादात्म्य अनेकदा नायकाशी असते आणि नायिकेचे मोजमाप ती बरेच कठोरपणे करते, असे त्यांचे म्हणणे होते. हे खरे असेल तर हुकमी नायकाची आवड म्हणजे हुकूम झेलण्याची आवड, हे समीकरण कोसळते.

याच प्रकारच्या वाचनाचा शोध राधिका परमेश्वरन यांनी १९९० च्या दशकात हैदराबादमध्ये घेतला. तेथील तरुणी मिल्स अँड बूनच्या कादंबऱ्या वाचनालयांतून आणीत. इंग्रजी सुधारते, हे कारण पुढे करता येत असे, त्यामुळे वाचनाला प्रतिष्ठेचा आडोसा मिळे. इंग्रजी सुधारण्याचे हे कारण स्मिथटनमधील गृहिणीला उपलब्ध नव्हते. आपल्याकडील वाचनालयांच्या देवघेव वहीत पुस्तक कोणी नेले आणि कधी परत केले, एवढेच लिहिलेले असते. त्या पुस्तकातली नायिका नेणारीला आवडली की तिचा राग आला, यासाठी त्या वहीत रकाना नसतो.