दिव्यामागें जाणारें कासव

पावसाळ्याच्या आरंभीं संध्याकाळीं दिवा लागला कीं त्याच्याभोंवतीं पाखरांची झुंबड उडते, आणि सकाळीं त्यांचे पंख केरसुणीनें गोळा करावे लागतात. कवींनीं या झेपेंत प्रीति पाहिली, नीतिकारांनीं मोह पाहिला. पाखराच्या मनांत खरोखर कांहीं असतें कीं नाहीं, हें विचारण्याची गरज दोघांसही भासली नाहीं. ती ज्यांस भासली, त्यांच्यापैकीं कांहींनीं एक निराळाच मार्ग धरला. पाखराचें मन शोधीत बसण्याऐवजीं त्यांनीं दिव्यामागें जाणारें यंत्रच घडविलें. त्या यंत्रांची कथा आम्हांस येथें थोडक्यांत सांगावयाची आहे. ती घरगुती छंदाची कथा आहे, तशीच ती युद्धाचीही आहे. आणि या दोहोंची गांठ कोठें पडते व कोठें सुटते, हें पाहण्यासारखें आहे.

यंत्रास डोळा मिळाला तो १८७३ सालीं. समुद्राखालून टाकावयाच्या तारायंत्राच्या दोरांची परीक्षा करतांना सेलेनियम या मूलद्रव्याच्या कांड्या वापरीत असत. पण त्यांतून वाहणारी वीज कधीं वाढे, तर कधीं घटे. या लहरीपणाचें कारण उजेड हेंच आहे, असें विलोबी स्मिथ या इंग्रज विद्युत्तज्ज्ञानें त्या वर्षीं जाहीर केलें. अंधारांत सेलेनियम विजेस अडवितें, उजेडांत तिची वाट मोकळी करून देतें. पुढें १८९० च्या सुमारास झाक लोएब या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें प्राण्यांच्या प्रकाशाकडे वळण्याचा उलगडा मांडला. एका डोळ्यावर उजेड अधिक पडला कीं शरीराच्या दोन बाजूंच्या स्नायूंवरील ताण विषम होतो, आणि दोन्ही डोळ्यांस सारखा उजेड मिळेपर्यंत प्राणी वळत राहतो. मग तो सरळ दिव्याकडे निघतो. यांत इच्छा नाहीं, ओढ नाहीं. केवळ तोल साधण्याची क्रिया आहे. पतंगापुरता हा उलगडा आज टिकलेला नाहीं. उडणारे किडे प्रकाशाकडे पाठ करून आपला तोल सांभाळतात व त्यामुळेंच दिव्याभोंवतीं अडकून पडतात, असें २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसून आलें. तथापि लोएब यांची कल्पना पाखरास लागू पडो वा न पडो, यंत्रास ती नेमकी लागू पडली.

अमेरिकेंत १९१२ सालीं धाकटे जॉन हेज हॅमंड आणि त्यांचे सहकारी बेंजामिन मीस्नर यांनीं सुमारें तीन फूट लांबीची एक पेटी तीन चाकांवर बसविली. तिच्या दर्शनी बाजूस दोन मोठीं भिंगें, भिंगांमागें सेलेनियमचे घट, आणि दोहोंच्या मध्यें नाकासारखा एक पडदा. दिवा एका बाजूस असला कीं या नाकाची सावली दुसऱ्या बाजूच्या डोळ्यावर पडे. दोन घटांतील विजेंत तफावत होई आणि त्या तफावतीनें चेतलेला विद्युच्चुंबक मागचें चाक वळवी. दोन्ही डोळ्यांस सारखा उजेड मिळाला कीं चाक सरळ होई. हातांत दिवा घेऊन माणूस चालूं लागला कीं पेटी त्याच्या मागोमाग जाई; म्हणून तिला विजेचा कुत्रा हें नांव पडलें. लोएब यांनीं १९१८ च्या आपल्या ग्रंथांत या कुत्र्याची साक्ष काढली. जें यंत्रास मनावांचून साधतें, तें क्षुद्र कीटकांनीं केलें असतां त्यांच्या ठिकाणीं भावना कल्पिण्याचें कारण काय, असा त्यांचा सवाल होता.

परंतु हा कुत्रा केवळ तत्त्वचर्चेसाठीं पाळलेला नव्हता. हॅमंड यांचें मुख्य काम बिनतारी लाटांनीं नौका व टॉर्पेडो दुरून चालविण्याचें होतें. शत्रूनें शोध घेण्यासाठीं दिवा फेंकावा, आणि त्याच किरणाच्या रोखानें अस्त्रानें शत्रूवरच जाऊन आदळावें, अशी त्यामागील कल्पना होती. मीस्नर यांनीं १९१६ च्या आपल्या पुस्तकांत हा कुत्रा पुढें खराखुरा रणश्वान होईल, असें भाकीत केलें. कुत्र्यानें स्वतः कोणास चावा घेतल्याचें ऐकिवांत नाहीं, पण त्याची जात वाढली. १९४३ सालीं जर्मन पाणबुड्यांनीं सोडलेले नवे टॉर्पेडो जहाजाच्या पंख्याचा आवाज ऐकून त्याच्या दिशेनें वळत. डोळ्याच्या जागीं कान आला, एवढाच काय तो फरक.

याच काळांत इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं विल्यम ग्रे वॉल्टर हे मेंदूंतील विद्युल्लहरींचा अभ्यास करीत होते. त्या लहरींवरून मेंदूंतील गांठीची जागा सांगतां येते, हें त्यांनीं १९३६ सालीं दाखविलें होतें. युद्धाच्या दिवसांत केंब्रिजचे तरुण मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक त्यांच्याकडे येत. क्रेक तोफांच्या नेमबाजीच्या प्रश्नावर काम करीत असल्यामुळें लक्ष्य शोधणारें यंत्र आणि वस्तु शोधणारा मेंदू यांच्या साम्यावर दोघांचें बोलणें होई. क्रेक १९४५ च्या मे महिन्यांत, युरोपांतील युद्ध संपतां संपतां, सायकलवरून जात असतां अपघातांत सांपडून वारले. वय अवघें एकतीस. त्या बोलण्याचा धागा वॉल्टर यांच्याजवळ राहिला. त्यांनीं त्याचें अस्त्र केलें नाहीं, खेळणें केलें.

१९४८-४९ मध्यें फावल्या वेळीं, स्वतःच्या घरीं, पत्नी व सहकारी व्हिव्हियन डव्ही यांच्या साहाय्यानें त्यांनीं दोन कासवें तयार केलीं. त्यांचीं नांवें एल्मर आणि एल्सी. दंतचक्रें जुन्या घड्याळांतून व गॅसच्या मीटरांतून काढलेलीं. दोन मोटरी, रेडिओचे दोन व्हॉल्व्ह, एक प्रकाशाचा डोळा, आणि अडथळ्यास लागतांच स्पर्श कळविणारें वरचें कवच. डोळा पुढच्या चाकाच्या दांड्यावरच बसविलेला असल्यामुळें चाक ज्या दिशेस वळे, त्या दिशेस तो पाही. अंधारांत चाक सारखें फिरत राही, म्हणजे कासव चोहोंकडे नजर टाकीत हिंडे. मंद प्रकाश दिसला कीं चाकाचें फिरणें थांबे आणि कासव तिकडे जाई. प्रकाश फार प्रखर झाला कीं तें तोंड फिरवी. घट उतरूं लागले कीं मात्र तोच प्रखर उजेड त्यास असह्य होत नसे. खुराड्यांतील दिव्याकडे तें नीट चालत जाई, तेथें घट भरून घेई, आणि भरतांच बाहेर पडे.

वॉल्टर यांचा हेतु स्पष्ट होता. वर्तनाची विविधता मेंदूंतील पेशींच्या संख्येपेक्षां त्यांच्या परस्पर जोडणीवर अवलंबून आहे, हें त्यांस दाखवावयाचें होतें, आणि त्यासाठीं त्यांनीं दोनच पेशींइतकी सामग्री वापरली. फळ त्यांच्या अपेक्षेपलीकडे गेलें. कासवाच्या पुढें एक लहान दिवा असे. चाक फिरत असतां तो लागे, थांबलें कीं विझे. आरशासमोर आल्यावर कासवास स्वतःचाच दिवा दिसे, दिसतांच तो विझे, विझतांच पुन्हां लागे; आणि कासव जागच्या जागीं थरथरत नाचूं लागे. असें एखाद्या प्राण्यानें केलें असतें, तर त्यास स्वत्वाची कांहीं जाणीव आहे असें आपण म्हटलें असतें, असें वॉल्टर यांनीं लिहिलें. १९५१ च्या ब्रिटनच्या महोत्सवांत नवीं कासवें लोकांपुढें मांडलीं गेलीं, आणि १९५३ च्या ‘द लिव्हिंग ब्रेन’ या ग्रंथाच्या शेवटीं त्यांची रचनाही छापून दिली गेली. शस्त्रागारांत जी विद्या कुलुपांत ठेवली जाते, ती येथें कोणाही हौशी माणसाच्या मेजावर आली.

त्या मेजांपैकीं एक आमच्या घरींही आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत मुलांनीं हट्ट धरला, म्हणून आम्हीं डब्याचें झांकण, खेळण्यांतील दोन मोटरी, उजेडानें विरोध बदलणारे दोन लहान घट आणि दोन ट्रान्झिस्टर घेऊन असें एक वाहन जोडलें. डावा डोळा उजव्या चाकास जोडावयाचा, उजवा डाव्या. म्हणजे ज्या बाजूस उजेड, तिच्या उलट बाजूचें चाक जोरानें फिरून वाहन उजेडाकडे वळतें. आमच्या हातून तारा सरळच जोडल्या गेल्या. पणती पुढें करतांच वाहन तोंड फिरवून पळालें तें थेट कपाटाखालीं. “भ्यालें तें!” असें धाकटी ओरडली, आणि तें चटकन् बाहेर काढूं नका म्हणून आम्हांस विनवूं लागली. तारा उलटसुलट केल्यावर तेंच वाहन पणतीवर इतक्या वेगानें धांवून आलें कीं ती विझली. आतां धाकटीच्या मतें तें रागावलें होतें. व्हालेंटिनो ब्राइटेनबर्ग या मेंदूशास्त्रज्ञानें १९८४ सालीं आपल्या पुस्तकांत अशाच कल्पित वाहनांचें वर्णन करून सांगितलें आहे कीं, यंत्र रचणें सोपें, पण त्याचें वागणें बाहेरून पाहून आंतील रचना ओळखणें कठीण. आणि पाहणारा नेहमीं आंत आहे त्याहून अधिक कांहीं कल्पितो. दोन तारांच्या अदलाबदलीनें भीतीचा राग झाला, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें.

तरीही धाकटीची दया आम्हांस चुकीची वाटली नाहीं. यंत्रांत भीति नव्हती हें खरें. पण ज्या यंत्रांत भीतीही नाहीं आणि दयाही नाहीं, त्यास कोणत्या दिव्याकडे पाठवावयाचें, याचा विचार पाठविणाऱ्यानेंच करावयाचा असतो. हॅमंड यांचा कुत्रा आणि वॉल्टर यांचें कासव यांच्या पोटांतील विद्या जवळजवळ एकच. एकापुढें शत्रूचें जहाज कल्पिलेलें होतें, दुसऱ्यापुढें खुराड्यांतील दिवा ठेवलेला होता. मुलांच्या हातीं असलें खेळणें देतांना तारा कशा जोडाव्या हें आपण त्यांस सांगतोंच. ही दोन यंत्रांची हकीगतही त्याच वेळीं सांगावी, असें आम्हांस वाटतें.