कोल्ट एम १९११ पिस्तूल
जॉन ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्ररचनाकाराने आखलेले, ०.४५ इंची काडतुसाचे अर्धस्वयंचलित पिस्तूल. चाप ओढला की एकच गोळी सुटते आणि धक्क्याच्या जोराने मागे सरकणारी स्लाइड रिकामी पुंगळी बाहेर फेकून, पुढे येताना मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत भरते. अमेरिकी लष्कराने ते १९११ मध्ये स्वीकारले. १९८५ मध्ये लष्करात त्याची जागा बेरेटा कंपनीच्या पिस्तुलाने घेतली. पाच इंची नळी, किलोभराहून अधिक वजन व हलका, नेमका चाप यांमुळे नेमबाज त्याला पसंती देतात. मात्र हेच वजन कमरेला दिवसभर जाचते, म्हणून आखूड नळीची, ॲल्युमिनियम सांगाड्याची ‘कमांडर’ आवृत्ती निघाली. घोडा चढवून, सुरक्षेचा खटका लावून ते बाळगण्याची पद्धत असल्याने नवशिक्याला ते सोयीचे नाही.