इंग्रजीतील कर्माचा हरवलेला प्रत्यय

१/ ‘द बिशप सॉ द किंग’ आणि ‘द किंग सॉ द बिशप’. शब्द तेच, तरीही पहिल्या वाक्यात बिशपने राजाला पाहिले आणि दुसऱ्यात राजाने बिशपला. क्रियापदानंतर येते ते डायरेक्ट ऑब्जेक्ट, म्हणजे प्रत्यक्ष कर्म, हा नियम आपण शाळेत पाठ केला. परंतु इंग्रजीला तो जन्मतः लाभलेला नाही. तो शतकानुशतकांच्या झिजेतून घडला आणि त्या झिजेचा पुरावा एका हस्तलिखितात आजही पाहता येतो. हा धागा त्याविषयी.

२/ इ. स. १००० च्या सुमाराची इंग्रजी पाहा. राजा कर्ता असेल तर ‘से क्यूनिंग’, कर्म असेल तर ‘थोने क्यूनिंग’. नाम तेच राही, पण त्याआधीचे उपपद विभक्ती सांगे. त्यामुळे ‘थोने क्यूनिंग’ वाक्यात कोठेही आले, तरी पाहिला गेला तो राजाच. मराठीत ‘राजाला बिशपने पाहिले’ आणि ‘बिशपने राजाला पाहिले’ यांचा अर्थ एकच राहतो, तसेच हे.

३/ अर्थात ही व्यवस्था निर्दोष नव्हती. नपुंसकलिंगी नामांत कर्ता आणि कर्म यांचे रूप एकच असे. संस्कृतात ‘फलम्’ प्रथमेतही असते आणि द्वितीयेतही, त्याचप्रमाणे. शब्दक्रमही अगदी मोकळा नव्हता. मात्र कर्म ओळखण्याचा मोठा भार विभक्तीवर होता, हे खरे.

४/ मग विभक्ती झिजली का? इंग्रजीत आघात बहुधा शब्दाच्या आरंभी पडे, म्हणून शेवटचे स्वर अस्पष्ट होत गेले. त्यातच ८६५ मध्ये डेन लोकांची मोठी सेना इंग्लंडात उतरली आणि पुढे उत्तर व पूर्व भागांत त्यांच्या वसाहती झाल्या. त्यांच्या भाषेतील कितीतरी शब्द इंग्रजीशी मिळतेजुळते होते, प्रत्यय मात्र वेगळे. या संपर्काचा परिणाम किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण बदल उत्तरेत आधी दिसतो, हे लक्षणीय आहे.

५/ १०६६ च्या नॉर्मन विजयाने इंग्रजीचे व्याकरण मोडले, असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक झीज त्याआधीच सुरू झाली होती. नॉर्मन सत्तेने मोडली ती वेसेक्सच्या प्रमाण लेखनभाषेची सद्दी. तिचा धाक उरला नाही, तेव्हा बोलण्यातील बदल कागदावर उमटू लागला.

६/ आता ते हस्तलिखित. १११६ मध्ये पीटरबरोचा मठ आगीत जळाला. त्यानंतर, ११२१ च्या सुमारास, तेथील एका लेखनिकाने दुसरीकडून मिळवलेल्या जुन्या बखरीची नक्कल केली. या नकलेत जुनी विभक्तिरूपे पुष्कळ टिकून आहेत. त्यानेच पुढे ११३१ पर्यंतच्या नोंदी जोडल्या. ११३२ ते ११५४ या वर्षांच्या नोंदी मात्र दुसऱ्या हाताने, ११५४ च्या सुमारास लिहिल्या. त्यांत उपपदांची विभक्ती जवळजवळ नाहीशी झाली आहे. एकाच ग्रंथाची पाने उलटताना एक व्याकरण मावळते आणि दुसरे उगवते. हा ग्रंथ आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

७/ या दुसऱ्या लेखनिकाची ११३७ ची नोंद विशेष प्रसिद्ध आहे. राजा स्टीफनच्या काळातील यादवीत सरदारांनी गढ्या बांधल्या, पैशासाठी लोकांना कोंडून त्यांचे हाल केले, गावेच्या गावे ओस पडली. हे सारे तो तळमळून सांगतो. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या पंतोजीने त्याची वही तपासली असती, तर ओळीओळीत चुका काढल्या असत्या. तरीही कोणी कोणाला छळले, याविषयी वाचकाच्या मनात संदेह राहत नाही. प्रत्यय गेले होते, पण त्यांचे काम शब्दक्रम आणि संदर्भ अंगावर घेऊ लागले होते. भाषा ‘बिघडली’ म्हणून त्या माणसांचे दुःख मुके राहिले नाही.

८/ सर्वनामांत जुन्या विभक्तीचे अवशेष उरले, तेही अदलाबदल होऊन. ‘त्याला पाहिले’ यासाठी पूर्वी ‘हिने’ हे द्वितीयेचे रूप होते, तर ‘त्याला दिले’ यासाठी ‘हिम’ हे चतुर्थीचे. पुढे ‘हिने’ लोपले आणि ‘हिम’ने दोन्ही कामे घेतली. म्हणजे ‘आय सॉ हिम’ यातील प्रत्यक्ष कर्माने चतुर्थीचा अंगरखा घातला आहे. आपल्याला यात नवल वाटू नये. ‘रामाला पाहिले’ आणि ‘रामाला पुस्तक दिले’ यांत आपणही एकाच ‘ला’ने दोन्ही कामे भागवतो.

९/ अठराव्या शतकात रॉबर्ट लोथ (१७६२) आणि लिंडली मरे (१७९५) यांनी इंग्रजीची व्याकरणे लिहिली, तेव्हा लॅटिनचा आदर्श समोर होता. मरे यांचा ग्रंथ पुढे मुंबईतही पोहोचला. दादोबा पांडुरंग यांनी १८३६ मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले, ते मरे यांची पद्धत डोळ्यांपुढे ठेवून.

१०/ आपल्याकडे मात्र ‘कर्म’ हा शब्द पाणिनीच्या परंपरेतून आला आहे. पाणिनीने कर्म आणि द्वितीया या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. क्रियेतून कर्त्याला जे सर्वाधिक साधायचे असते ते कर्म. द्वितीया हे ते दाखवण्याचे एक साधन. इंग्रजीचा इतिहास समजून घ्यायला हा भेद फार उपयोगी पडतो. तिथे साधन बदलले; कर्म जागच्या जागी आहे.

११/ म्हणून ‘हू’ की ‘हूम’ या प्रश्नावर कोणी तुमची परीक्षा घेऊ लागले, तर पीटरबरोच्या त्या लेखनिकाची आठवण ठेवा. ‘हूम’ हेही मुळात चतुर्थीचेच रूप आहे आणि आज तेही बोलण्यातून ओसरत चालले आहे. त्याच्या वहीत सुरू झालेले प्रकरण अजून संपलेले नाही.